रंगनाथमामांचं काचेचं कापड

मी आयुष्यात बऱ्याच जणांवर चिडले आहे. स्वभावच तसा. माझा पारा चढला की घरातली भावंडं गुपचूप अंगणात निघून जातात. पण रंगनाथ कोडम या माणसावर मी जशी चिडले तशी दुसऱ्या कुणावर नाही, आणि नेमकी कशासाठी चिडले होते हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. चांगलं केलं होतं असंही म्हणवत नाही. विचार करायला बसले की गोंधळच वाढतो, म्हणून जसं घडलं तसं सांगून टाकते.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. नगरच्या एमआयडीसीत आबासाहेबांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत कामाला होते. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये प्लायवुडने अडवलेली एक खोली, एक मीटर, एक ओव्हन आणि मी, सिल्व्हिया भिंगारदिवे, बी.एस्सी. रेडिओ किंवा टीव्ही उघडला की आत एक हिरवी पाटी दिसते, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात आणि डाळीएवढे दाणे चिकटवलेले असतात. ती पाटी ज्या तक्त्यातून कापतात, ते तक्ते आम्ही बनवायचो. काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड घ्यायचं, चिकट रेझिनमध्ये बुडवायचं, वाळवायचं, थरावर थर रचायचे, वर तांब्याचा कागदासारखा पत्रा ठेवायचा आणि गरम प्रेसमध्ये दाबायचं. आबासाहेब मूळचे राहुरीकडचे, ऊसवाले. "साखर असो का पाटी असो, भट्टी नीट लागली की काम झालं," असं ते म्हणायचे, आणि टीव्हीच्या पाट्यांपुरतं ते खरंही होतं.

मग पंकज आला. कर्जतचा मुलगा, पुण्यात इंजिनीअर झालेला. बोलायला लागला की समोरच्याला कळतंय की नाही हे बघायचंच त्याला सुचायचं नाही. बेंगलोरला टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणारी एक कंपनी होती. तिला असे तक्ते हवे होते की ज्यांच्यावरून सिग्नल नेहमीच्या कितीतरी पट वेगाने पळतील. ते बाहेरच्या देशातून यायचे. आपण नगरला करू, असं पंकज म्हणाला.

आबासाहेब म्हणाले, "वेग वाढला तर आपल्या तक्त्याला काय हुतंय? तांब्याची रेघ तीच ना?"

"साहेब, मुळा धरणाच्या पाटाला पाणी सोडलं तर टेलच्या शेवटच्या गावाला किती पोचतं?"

"कसलं पोचतंय! निम्मं वाटंतच मुरतंय."

"सिग्नलचं तेच आहे. जेवढा वेग जास्त, तेवढा तो तक्त्यात मुरतो. मला असा तक्ता करायचाय की ज्यात तो मुरणारच नाही."

टेलच्या पाण्यावरून आबासाहेबांनी अनेक भांडणं केली होती. त्यांनी त्या क्षणी होकार दिला. बेंगलोरला नमुने पाठवायचे, ते पसंत पडले तर पुढचं बोलणं, एवढं ठरलं. नवं रेझिन पंकजने बनवलं. त्याच्या वासाने माझं डोकं दिवसभर भणभणायचं. आणि कापड आलं नवीन, अगदी तलम. कापडावरून सगळं अडलं.

आमच्या माणसांना जाड कापडाची सवय. हे तलम कापड हातात घेतलं की धागे सरकायचे, कडा उसवायच्या, मध्ये सुरकुती पडायची. काचेची कुसळं अंगाला लागून जो तो खाजवत बसायचा. छगन म्हणून एक दांडगा गडी होता, पूर्वी शुगर फॅक्टरीत पोती उचलायचा. त्याने ते कापड असं ओढलं की पंकज जवळजवळ रडकुंडीला आला. तेव्हा ट्रकमधून ड्रम उतरवणारे एक पन्नाशीचे मामा दारात थांबले आणि म्हणाले, "साहेब, त्याला वढू नका. मी धरून दावू का?"

ते रंगनाथमामा. नगरच्या तोफखाना भागात राहायचे. जातीने पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि बापजाद्यांपासून हातमागावर लुगडी विणलेली. लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही तसा माग बंद झाला. त्यांची बायको आक्काबाई विड्या वळायला लागली आणि मामा मिळेल ते काम करत हिंडले. कुठे वॉचमन, कुठे हमाल, मग आमच्याकडे ड्रम उतरवायला. त्या दिवशी त्यांनी हात धुतले, पुसले, कापडाच्या दोन कडा चिमटीत धरल्या आणि एक हलका झटका दिला. कापड टेबलावर सरळ पडलं. एवढंच. जादू वगैरे काही नाही. कापड हाताळलेल्या माणसाने कापड हाताळलं. पण पंकजने त्यांना तिथेच टेबलावर घेतलं.

त्यानंतर मामांचा चेहराच बदलला. सदरा धुतलेला, केस विंचरलेले, येताना जाताना सगळ्यांशी बोलणं. आबासाहेबांना ते एकदाच म्हणाले, पण मी तिथे होते. "साहेब, पगार वाढवा न वाढवा. फकस्त ह्या टेबलावरनं मला हलवू नका. लई वर्सांनी कापडाला हात लागलाय." त्या दिवसापासून मला ठाऊक होतं की या माणसाला जगात एवढीच एक गोष्ट हवी आहे.

मामांना एक खोड होती, विचारण्याची. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी बसायचे.

"ताई, ह्या पाटीवरनं जातं काय?"

"माहिती. कुणी फोनवर बोललं, कुणी कॉम्प्युटरवर लिहिलं, ते."

"ते कसं जातं? दिसत तर न्हाई."

"विजेने जातं."

"मंग वायर हाय की. पाटी कशाला?"

मी चार शब्द शिकलेली, पण खरं सांगते, मलाही ते पुरतं कळलेलं नव्हतं. मी काहीतरी सांगायचे, ते मान हलवायचे, दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. एकदा मीच वैतागून म्हणाले, "मामा, काहीतरी इकडून तिकडे, तिकडून इकडे पळतं बघा. फार जोरात." त्यांचे डोळे चमकले. "आसं म्हना की! धोट्यावानी." मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. मला उदाहरण इतकं आवडलं की मी म्हणाले, "अगदी तसंच!" आणि सुटले एकदाची.

पंकज आधी वीतभर तुकडे दाबून बघायचा. मी ते दिवसभर पाण्यात ठेवून, पुसून मीटरला लावायचे. सिग्नल किती मुरतो त्याचा आकडा यायचा. आकडे सुरेख यायला लागले. पंकज नाचायचाच बाकी होता. मग बेंगलोरसाठी पूर्ण मापाचे तक्ते दाबले, त्यातलाच एक तपासणीसाठी मागे ठेवला, बाकीचे पेटीत घालून पाठवले. मागे ठेवलेला मी मीटरला लावला. आकडा भलताच. बेंगलोरहूनही फॅक्स आला: नापास.

पंकज म्हणाला, आकार मोठा झाला की प्रेसची उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही. पटण्यासारखं होतं. प्रेस उघडला, दुरुस्त केला, एक पूर्ण मापाचा तक्ता चाचणीसाठी दाबला, त्याचे तुकडे करून मी मोजले. उत्तम! म्हणजे दोष प्रेसचाच होता. मग पुन्हा बेंगलोरसाठी तसेच तक्ते दाबले. नापास.

आता मात्र सगळ्यांची मती गुंग झाली. तोच प्रेस, तेच रेझिन, तेच कापड, तोच आठवडा. घरात ठेवायचं ते पास, बाहेर पाठवायचं ते नापास. पंकजने पाण्यावर संशय घेतला, मग विजेच्या दाबावर, मग माझ्यावर. माझ्यावर घेतला तेव्हा मी त्याला असं काही सुनावलं की तो दोन दिवस माझ्या खोलीत फिरकला नाही. आबासाहेबांना वाटलं, बेंगलोरमध्ये कुणीतरी आपलं वाईट चिंततंय. मी म्हणाले, "अहो, आपल्याच मीटरवर नापास होतोय, बेंगलोरचा काय संबंध?" त्यावर ते म्हणाले, "मंग मीटरला कुनीतरी काईतरी केलंय." वॉचमनने तर दाराला लिंबू-मिरची बांधली. मी ख्रिस्ती घरातली, पण मीही येता-जाता तिच्याकडे बघून घ्यायला लागले. काय करणार!

एक दिवस मी सहज बोलून गेले, "साहेब, महत्त्वाचा असला की नापास, बिनमहत्त्वाचा असला की पास. तक्त्याला कळतं की काय कुठला महत्त्वाचा ते?"

"मंग बिनमहत्त्वाचाच पाठवा की!" आबासाहेब म्हणाले.

पंकजला हे इतकं लागलं की तो जेवला नाही. पण चाचणीचा तक्ता तुकडे करून, पाण्यात घालून मोजायचा असतो, तो पाठवणार कसा? पाठवायचे ते नवेच दाबायला लागत होते. आणि नवे दाबायचे म्हटलं की पंकज जाऊन मामांना सांगायचा, "मामा, हे बाहेर जाणार आहेत बरं का, जपून करा." मामा मान डोलवायचे. "तुमी काळजीच करू नका, साहेब." त्यांच्यावर संशय कुणाला येणार? कारखान्यात एकच माणूस असा होता की ज्याच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती.

शेवटी बेंगलोरहून निरोप आला की त्यांचे एक इंजिनीअर पुढच्या आठवड्यात स्वतः येतील, समोर तक्ते दाबून घेतील आणि बरोबर घेऊन जातील. हे शेवटचं. आबासाहेबांनी पंकजला बोलावून सांगितलं, "ह्या येळंला जमलं न्हाई तर नवं काम बंद. कापडाचं टेबल काढायचं आन् परत टीव्हीच्या पाट्या." पंकज खाली मान घालून बाहेर आला. माझ्या डोक्यात पहिला विचार पंकजचा आला नाही. मामांचा आला.

आणि नेमके त्याच आठवड्यात मामा आजारी पडले. पाहुणे यायच्या आधी एक रंगीत तालीम करायची होती, कापड कापून ठेवलं होतं, आणि मामांचा पत्ता नाही. पंकज म्हणाला, "तू तोफखान्यावरूनच येतेस ना? बघून ये." दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुना काढली आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेले.

दारात विड्यांची पानं पसरलेली. आक्काबाई मांडीवरचं सूप बाजूला ठेवून उठल्या. आत मामा पांघरूण घेऊन पडले होते, डोळे तापाने लाल. मला बघून उठून बसायला लागले.

"पडून राहा मामा. काय झालं?"

"काई न्हाई ताई, जरा अंग तापलंय. बरं झालं तुमीच आल्या. मी हिला म्हनलंच हुतं, कुनाच्या तरी हाती किटली धाडायला पायजे."

"कसली किटली?"

ती किटली मला माहीत होती. लहानशी, पितळी. मामा कधीकधी ती घेऊन कामावर यायचे, आणि मी समजायचे की त्यात आंबील आहे. आक्काबाईंनी स्टोव्हवरचं पातेलं खाली घेतलं. त्यात तांदळाच्या पेजेसारखं काहीतरी पांढरं, पातळ होतं. त्यांनी त्यात थेंबभर गोडंतेल टाकलं, ढवळलं आणि फडक्यातून किटलीत गाळायला लागल्या.

मी म्हणाले, "आजारी माणसाला पेज?"

आक्काबाई हसल्या. "पेज कशाची वं बाई! खळ हाय."

"खळ? ती मागावरच्या धाग्याला लावतात ना? घरात माग तर नाही."

"घरच्यासाठी न्हाई. कंपनीच्या कापडाला."

मला आधी काहीच कळलं नाही. मी आक्काबाईंकडे बघितलं, किटलीकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मग हळूहळू माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली.

"मामा, तुम्ही आपल्या काचेच्या कापडाला खळ लावता?"

"व्हय. फडक्यानं. अगदी हलका हात. सकाळी लवकर येऊन लावली की पाळी सुरू व्हायच्या आत पंख्याखाली सुकतीया."

"सगळ्या कापडाला?"

"सगळ्याला कशाला? घरात ऱ्हाणाऱ्याला लावत न्हाईत. बाहेर जायाचं आसलं की लावायची. आमच्यात कापड बिनखळीचं घराबाहेर देत न्हाईत, ताई. माझा बाप म्हनायचा, ते उघडं-नागडं वाटतं."

बाहेर जाणारे नापास, घरात राहणारे पास! इतके महिने आम्ही प्रेस खोलत होतो, पाणी उकळत होतो, एकमेकांच्या उरावर बसत होतो, आणि हा माणूस पितळी किटलीतून तांदळाची पेज आणून प्रेमाने लावत होता.

"तुम्ही बुडवलंत आम्हाला, मामा!" मी ओरडले. "त्या खळीमुळे सगळे नापास झालेत!"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, त्यांना भ्रम झाला असावा. त्यांना वाटत होतं, मला झालाय.

"खळीनं कापड बिघडतं? ताई, ताप मला आलाय का तुमाला?"

"हे कापड वेगळं आहे! याला काही लावायचं नसतं!"

"आवं, तुमीच म्हनाल्या ना धोट्यावानी पळतं म्हनून? धोटा जितका जोरात, तितका ताना, म्हंजे उभा धागा, गुळगुळीत लागतो. न्हाईतर धोटा आडकतो, धागा तुटतो. म्हनून तर मी जरा जास्तच लावायला लागलो."

माझं उदाहरण, त्यांची खळ. त्यांचं म्हणणं मागापुरतं शंभर टक्के बरोबर होतं आणि आमच्या तक्त्यात शंभर टक्के चूक. राग तर होताच, पण तो कुठे काढावा हेच कळेना.

थोड्या वेळाने मी आवाज खाली आणला. "हे बघा मामा, मी कुणाला काही सांगत नाही. तुम्ही फक्त इथून पुढे लावू नका. तक्ते पास होतील, तुमचं टेबल राहील, विषय संपला."

मामा पांघरूण बाजूला सारून उठले, सदरा चढवला.

"न्हाई ताई. लपवायला मी काय चोरी केली का? चला. पंकजसाहेबांना म्हनू, करून बघा. एक खळीचं, एक बिनखळीचं. मला न्हाई पटत."

तापलेल्या माणसाला लुनावर मागे बसवून, त्यांच्या हातात ती किटली, अशी मी एमआयडीसीत पोचले. वाटेत मी देवाची प्रार्थना केली, पण काय मागितलं ते मलाच सांगता येणार नाही. दोष सापडावा म्हणावं तर मामांचा सापडणार. सापडू नये म्हणावं तर टेबलच जाणार.

पंकजने सगळं ऐकलं. एकदा किटलीत बोट बुडवून चाखूनसुद्धा बघितलं. मग लगेच कामाला लागला. मामांनी आपल्या हाताने एका कापडाला खळ लावली, नेहमीसारखी हलकी, फडकं कापडावरून सरळ रेषेत ओढत. दुसरं तसंच ठेवलं. दोन तक्ते दाबले, तुकडे कापले, पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी मामा ताप उतरलेला नसताना पुन्हा आले आणि माझ्या मीटरशेजारी उभे राहिले.

बिनखळीचा आकडा सुरेख आला. खळीचा भलताच.

"बदलून लावा, ताई," मामा म्हणाले.

मी बदलून लावला. तेच. दुसरे तुकडे लावले. तेच.

"पन खळ दिसत तर न्हाई कुठं. गेली कुठं ती?"

पंकज म्हणाला, "आतच आहे, मामा. धाग्याला चिकटून बसलीय, त्यामुळे रेझिन धाग्याला धरत नाही. आणि खळ पाणी पिते. जिथे ओल, तिथे सिग्नल मुरतो. वेग कमी असता तर कुणाला कळलंही नसतं."

"म्हंजे मी जेवढं जपलं, तेवढं बिघडलं?"

"हो," पंकज म्हणाला. तो असाच होता; खोटं बोलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसायचा. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

आबासाहेबांना कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सापडलं यकदाचं! आरं रंगनाथ, तू तर आमाला येडं करून सोडलं की!" ते रागावले नाहीत. मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "टेबल तुझंच हाय. फकस्त खळ बंद. पाव्हनं येतील तवा तूच कापड धरायचं." मला वाटलं, सुटलो. जे जायची भीती होती ते राहिलं होतं. मी इतकी खूष झाले की घरी जाताना आक्काबाईंना सांगायला मुद्दाम तोफखान्यात थांबले.

पाहुणे यायच्या दिवशी मी सकाळी कापडाच्या खोलीत डोकावले. मामा ठणठणीत बरे होऊन आले होते. किटली नव्हती. टेबलावर तलम कापड पसरलेलं, ते कडेचा एक सुटा धागा उचलत होते. मी बघत असतानाच त्यांनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि ओल्या बोटाने तो धागा टिपून सरळ केला. मग दुसरा. तिसऱ्या वेळी बोट जिभेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी ते बोट समोर धरून बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचं आहे.

"ताई, तुमी बघितलं का? मला कळलं बी न्हाई."

"एवढ्याने काही होत नाही, मामा."

"हुतं का न्हाई ते तुमाला तरी ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. पंकजलाही विचारलं तर तो म्हणाला, मोजावं लागेल. मामांनी ते कापड घडी घालून बाजूला ठेवलं आणि सरळ आबासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग.

"साहेब, मला ह्या टेबलावरनं काढा. पॅकिंगला टाका."

आबासाहेबांना काही उलगडेना. "आरं, पाव्हनं निगाल्यात तिकडनं! आन् तुलाच तर ठेवतुय ना टेबलावर?"

"मी इसरंन, साहेब. मी पक्कं ठरवून आलो हुतो. पन हात न्हाई इसरायचा. छगनला द्या टेबल."

"छगनला? त्याला कापडातलं काय कळतंय?"

"काईच न्हाई कळत," मामा म्हणाले. "म्हनून तर म्हनतो."

मी मध्ये पडले. भांडलेच म्हणा. हातमोजे घाला म्हटलं, तोंडाला फडकं बांधा म्हटलं, आम्ही तुमच्यावर लक्ष ठेवू म्हटलं. ते माझ्याकडे बघून नुसतं हसत राहिले, आणि त्या हसण्यानेच मी सगळ्यात जास्त चिडले. ज्या एका गोष्टीसाठी मी तापलेला माणूस लुनावर घालून आणला होता, ती हा माणूस स्वतःच्या हाताने देऊन टाकत होता. शहाणपणा म्हणावा की हट्ट, मला आजही ठरवता येत नाही.

पाहुण्यांसमोर छगनने कापड लावलं. कडक नवे हातमोजे घालून, मोजून मापून, पंकज सांगेल तसं, पोत्यावर पोतं रचावं तसे थर रचले. कापडाकडे त्याने एकदाही प्रेमाने बघितलं नाही. पाहुणे तक्ते घेऊन गेले, आणि काही दिवसांनी फॅक्स आला: पास. सगळेच्या सगळे पास. आबासाहेबांनी पेढे वाटले. पंकजने मला मिठीच मारली असती, पण माझा चेहरा बघून त्याने विचार बदलला. छगनच्या गळ्यात कुणीतरी हार घातला आणि तो आपण काय केलं हे न कळल्यामुळे लाजत उभा राहिला.

मी पेढा घेऊन पॅकिंगला गेले. मामा तिथे नव्हते. शोधत गेले तर ते कापडाच्या खोलीच्या दाराशी उभे, आत न जाता. आत छगन पुढच्या कामाचं कापड कापत होता. त्याने कापड दोन्ही मुठींत धरलं, फडाफडा झटकलं आणि टेबलावर आपटलं. मामांचे हात एकदम पुढे आले. मग त्यांनी ते दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

मी म्हणाले, "मामा, त्याला एकदा दाखवा ना, कसं धरायचं ते. पास झालं असलं तरी मला बघवत नाही."

"मला बी बघवत न्हाई," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. "पन त्याला काई शिकवू नका, ताई. कुनीच काई शिकवू नका."